दोन सूत आणि सहा एमएम: घरच्या सुतारकामासाठी राउटर घेताना

दुकानात राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकडात खोबण काढणारं आणि कडा मारणारं मशीन, मागितला की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचा देऊ?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. घरच्या वर्कशॉपमध्ये हातात धरून चालवायचा एकच राउटर घ्यायचा आहे, आणि कडा गोल करणं, सनमायका छाटणं, खोबण काढणं, बिजागरीची खाच मारणं ही सगळी कामं त्याच्याकडूनच करून घ्यायची आहेत, तर आधी कोलेट बघा. मग बेस, म्हणजे लाकडावर टेकणारी मशीनची बैठक, मग स्पीड कमी-जास्त होतो का ते. वॉट त्यानंतर. मशीन किती प्रकारच्या कामांना पुरेल हे पहिल्या तीन गोष्टींवर ठरतं. तेच काम दोन फेऱ्यांत होईल की पाच, एवढंच वॉटवरून कळतं.

कोलेट म्हणजे बिटचा, म्हणजे कापणाऱ्या पात्याचा, शँक (धारेमागचा गोल दांडा) आवळून धरणारी, उभ्या चिरा असलेली पोलादी नळी. वरून नट आवळला की ती मिटते आणि शँकला चारी बाजूंनी धरते. आपल्याकडची सगळ्यात नेहमीची फसगत इथेच होते. सुतारमंडळी माप सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत, म्हणून पाव इंच म्हणजे दोन सूत. पण ६ मिमीलाही बाजारात दोन सूतच म्हणतात. पाव इंच असतो ६.३५ मिमी. लाकडाच्या मापात ०.३५ मिमीचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, कोलेटमध्ये मात्र तो जीवावर बेतू शकतो. पाव इंची शँक ६ मिमीच्या कोलेटमध्ये जातच नाही, त्यामुळे तिथे फार तर दुकानाचा हेलपाटा पडतो. उलट केलंत तर धोका. ६ मिमीचा शँक पाव इंची कोलेटमध्ये जातो, नट आवळल्यावर घट्टही वाटतो, पण कोलेटने त्याला पूर्ण लांबीवर धरलेलं नसतं. मशीन मिनिटाला तीस हजार फेरे घेत असताना तो बिट हळूहळू खाली सरकतो किंवा थेट सुटतो. चार सुतांचंही तसंच: १२ मिमी वेगळा आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, वेगळा.

म्हणून मशीन घेताना कोलेटवर कोरलेलं माप वाचा, आणि बिट घेताना व्हर्नियर (बारीक माप मोजायचं कॅलिपर) जवळ ठेवा. पंधरा बिटांचा लाकडी डबीतला जो स्वस्त सेट सगळीकडे मिळतो, त्याचा शँक कधी पाव इंची असतो, कधी ६, कधी ८ मिमी. डबीवर काय छापलंय त्यावर विसंबू नका, शँक मोजा. एकदा एक माप ठरवलं की पुढचे सगळे बिट त्याच मापात घ्यायचे. माझी पसंती ८ मिमीला आहे. ६ आणि ८ मधला फरक दिसायला दोनच मिमीचा आहे, पण दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ८ मिमीचा शँक ६ मिमीच्या तिपटीहून जास्त ताठ असतो. सागवानात किंवा शिसमात बिट थरथरतो आणि कडेवर बारीक लाटा उठतात, तो त्रास त्याने बराच कमी होतो.

मशीन कुठलं

बाजारात हातात धरायच्या राउटरचे ढोबळ तीन गट आहेत. पहिला ट्रिमर: एका हातात मावणारा, पाचशे ते सातशे वॉटचा, वजन दीड ते दोन किलो. दुसरा मधला गट, दोन मुठींचा, हजार ते तेराशे वॉट, ६ आणि ८ मिमी कोलेटचा प्लंज राउटर, म्हणजे बेस टेकलेला ठेवून ज्याची मोटर सरळ खाली दाबता येते तो. तिसरा मोठा, १६०० ते २१०० वॉट, १२ मिमी किंवा अर्ध्या इंचाचा, पाच-सहा किलोचा.

तिसरा गट घरच्या पहिल्या मशीनसाठी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. दाराची चौकट, जाड फळीतली खोल खाच, टेबलाखाली उलटा लावून केलेलं नक्षीचं काम, हे त्याचं क्षेत्र. १८ मिमी प्लायच्या कडेवर, म्हणजे जेमतेम पाऊण इंचाच्या आधारावर, सहा किलोचं मशीन तोलत सनमायका छाटायला गेलात तर ते कलतं आणि कड खाऊन टाकतं. मकिताचा ३६१२ हे या गटातलं नावाजलेलं मशीन, १८५० वॉट, २२,००० फेरे. कारखान्यात वर्षानुवर्षं चालतं. पण घरात कपाटाच्या कडा मारायला ते काढायचं म्हणजे मुंगी मारायला मुसळ.

पहिल्या गटात दोन जाती आहेत, आणि फरक दिसत नाही म्हणून लोक चुकतात. बॉशचा जीकेएफ ५५० किंवा मकिताचा ३७०९ यांचा स्पीड ठरलेला असतो, अनुक्रमे ३३,००० आणि ३०,००० फेरे. सनमायका छाटायला, कडा मारायला ही उत्तम मशीन आहेत, फर्निचरच्या साइटवर दिवसभर तीच दिसतात. पण मोठ्या व्यासाचा बिट यांना लावता येत नाही. कारण साधं आहे: बिटचं मधलं टोक आणि बाहेरची धार फेरे तेवढेच घेतात, पण बाहेरच्या धारेला दर फेऱ्यात जास्त अंतर कापावं लागतं. ३०,००० फेऱ्यांवर ६ मिमी बिटची धार सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर धावते, तर ५० मिमी बिटची साडेअठ्ठ्याहत्तर. तिथे लाकूड कापलं जाण्याआधी जळतं, आणि बिटच्या सोसण्याच्या मर्यादेपलीकडे आपण गेलेलो असतो. चांगल्या बिटच्या शँकवर त्याचा कमाल वेग कोरलेला असतो, तो कधीही ओलांडायचा नाही. अंदाज म्हणून धरायचं तर २५ मिमीपर्यंतचा बिट २४,००० पर्यंत, ५० मिमीपर्यंतचा १८,००० च्या आसपास, आणि त्याहून मोठा १६,००० च्या खाली, तोही टेबलावरच.

दुसरी जात स्पीडचं चाक असलेल्या ट्रिमरची. मकिताचा आरटी०७००सी या प्रकारातला: ७१० वॉट, १०,००० ते ३०,००० फेरे, आणि ६ बरोबर ८ मिमीचा कोलेटही बसतो. त्याची मोटर बेसमधून निघते आणि दुसऱ्या बेसमध्ये बसते. प्लंज बेस, तिरका होणारा बेस, कोपऱ्यात जाणारा ऑफसेट बेस, सगळे वेगळे मिळतात. घरच्यासाठी एकच मशीन विचारलंत तर मी अशा रचनेचं मशीन आणि जोडीला प्लंज बेस सांगेन, कंपनी कुठलीही असो. प्लाय आणि एमडीएफचं फर्निचर, खेळणी, फ्रेमा, देव्हारा, किचनची दारं, एवढं सगळं त्यात निघतं. घरात भरीव सागवानाचंच काम जास्त होणार असेल, कुसू-खाचेचे (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे) जोड खोल मारायचे असतील, तर मात्र मधल्या गटात जा. बॉशचा जीओएफ १३० तिथे बसतो: १३०० वॉट, ११,००० ते २८,००० फेरे.

प्लंज बेस कशाला, तर फळीच्या मधोमध खाच सुरू करायची असेल तेव्हा. साध्या बेसमध्ये फिरता बिट वरून तिरका उतरवावा लागतो, आणि लाकडाला टेकताक्षणी तो झटका देऊन पुढे पळतो. प्लंजमध्ये बेस आधी सपाट टेकतो, मग मोटर सरळ खाली येते. सोबत बहुधा तीन पायऱ्यांचं फिरतं चाक असतं, म्हणजे ३, ६, ९ मिमी अशी खोली आधीच लावून ठेवता येते.

काउंटरवर काय तपासायचं

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, अशा ठिकाणी मशीन हातात घेऊन बघू देतात. त्याचा फायदा घ्या. ऑनलाइन मागवलंत तर परत करायची मुदत संपायच्या आत हेच सगळं घरी करा.

प्लग काढलेला असताना कोलेटमध्ये एक सरळ बिट आवळा. दोन बोटांत बिटचं टोक धरून आडवं हलवा. जरासुद्धा खडखड लागली तर मोटरचं बेअरिंग किंवा कोलेटची बैठक ढिली आहे, ते मशीन बाजूला ठेवायला सांगा. मग बिट हाताने हळू फिरवत त्याच्या शँकशेजारी स्टीलच्या पट्टीचं टोक धरा. फिरताना पट्टी आणि शँकमधली फट कमी-जास्त होत असेल तर दांडा डगमगतोय, आणि ६ मिमीचा बिट साडेसहाची खोबण काढणार.

बेसचा तळ उलटा करून त्यावर पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे बघा, मधून उजेड दिसता कामा नये. प्लंज असेल तर एकाच मुठीवर जोर देऊन खाली दाबा. चांगलं मशीन तेव्हाही अडखळत नाही. खाली लॉक केल्यावर मोटर डावी-उजवीकडे हलत नाही ना ते पाहा. खोलीचा स्क्रू आवळताना मोटर किंचित सरकत असेल तर दर वेळी माप चुकेल, आणि कारण सापडता सापडणार नाही. चालू करून ऐका: आवाज एकसुरी हवा, त्यात घरघर नको. सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे मशीन हळूहळू वेग घेण्याची सोय, असेल तर मनगटाला झटका बसत नाही, मधल्या गटाच्या मशीनला तो असलाच पाहिजे. आणि निघताना कार्बनची, म्हणजे मोटरमधल्या झिजणाऱ्या कार्बन ब्रशची, एक जोडी मागा. ती लगेच मिळाली तर पुढेही मिळण्याची आशा आहे. "ते येत नाही, पूर्ण मोटरच बदलावी लागते" असं उत्तर आलं, तर मशीन कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

वीजेचा हिशोब घरीच करून जा. वॉटला २३० ने भागा. ७१० वॉटला साधारण ३ अँपिअर, १३०० ला पावणेसहाच्या आसपास, १८५० ला ८. म्हणजे ट्रिमर साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, मधला काठावर, आणि मोठ्याला गिझरसारखा १६ अँपिअरचा पॉइंट हवा. एक्स्टेंशन लागणार असेल तर १.५ चौरस मिमी तांब्याची तार घ्या आणि वेटोळं पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेल्या तारेतून जड मशीन चालवलं की आतले वेढे तापतात. अमेरिकेतून नातेवाइकांनी राउटर आणायचा बेत असेल तर थांबा. तिकडची मशीन १२० व्होल्टची असतात. आपल्या सॉकेटला थेट लावलं की मोटर बघता बघता जाते. वॅटेजला पुरेसा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि कोलेट इंचातले येतात ते वेगळंच.

बिट आणि पहिली खोबण

पहिल्या दिवशी पाच बिट पुरतात: ६ मिमीचा सरळ, १२ मिमीचा सरळ (ही कापण्याची मापं, शँकची नव्हेत), बेअरिंगवाला फ्लश ट्रिम, म्हणजे बाहेर आलेली कड फळीच्या पातळीत छाटणारा, ६ मिमी त्रिज्येचा कड गोल करणारा, आणि ४५ अंशांत कड तिरकी कापणारा. पंधराच्या सेटच्या पैशात हे पाच चांगले घ्या. सगळे कार्बाइडच्या टोकाचे हवेत. एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) बिट मऊ लाकडात छान कापतो, पण प्लायच्या थरांमधला कडक झालेला गोंद त्याची धार लवकर मारतो, आणि सागवानातल्या सिलिकाने तर कार्बाइडही हळूहळू बोथट होतं.

बिट बसवताना शँक पूर्ण आत ढकला आणि मग दोन-तीन मिमी बाहेर ओढा. तळाला टेकवून आवळला तर कोलेट मिटताना बिटला खाली ओढू शकत नाही, पकड अर्धवट राहते, आणि काम करता करता बिट सरकतो. निदान २० मिमी शँक आत असलाच पाहिजे. शँकचा गोल भाग संपून धारेकडे जिथे वळतो, त्या वळणावर कोलेट आवळू नका.

कपाटाच्या पाठीची खोबण हे राउटरचं खरं रोजचं काम. समजा १८ मिमी प्लायच्या बाजूच्या फळीत, मागच्या कडेपासून १० मिमी सोडून, ६ मिमीची पाठ बसवायची आहे. आधी पाठीचा प्लाय व्हर्नियरने मोजा. दुकानात ६ म्हणून दिलेला तुकडा मोजल्यावर बरेचदा पूर्ण ६ भरत नाही, तर कधी वर जातो. कमी असेल तर ५ मिमीचा बिट लावून दोन फेऱ्यांत रुंदी जुळवा. जास्त असेल तर ६ चाच बिट ठेवा, पहिली फेरी मारा, मग गाइडच्या, म्हणजे मशीनला जोडलेल्या आणि फळीच्या कडेला घासत जाणाऱ्या, पट्टीला मास्किंग टेपचे एक-दोन थर चिकटवून दुसरी फेरी मारा. टेपच्या जाडीएवढी खोबण कडेच्या बाजूला रुंद होते. स्क्रू ढिला करून गाइड सरकवण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं आहे.

खोली ६ मिमी, दोन फेऱ्यांत ३-३ (५ चा बिट असेल तर तीन फेऱ्यांत २-२). बिटच्या व्यासाच्या अर्ध्याहून जास्त खोली एका फेरीत घ्यायची नाही, हा ट्रिमरचा नियम समजा. जास्त घेतलंत तर आवाज खाली बसतो, भुसा खाचेतच कोंडतो, बिट तापून निळा पडतो.

आता दिशा. वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे पुढे ढकलताना मशीन नेहमी डावीकडे ओढ घेतं. गाइड लावला असेल तर ज्या कडेला तो घासतो ती कड तुमच्या चालीच्या उजव्या हाताला हवी, म्हणजे मशीनची ओढ गाइडला कडेवर दाबून ठेवते. गाइडऐवजी फळीवर सरळ पट्टी क्लॅम्प केली असेल तर ती पट्टी डाव्या हाताला हवी. हे उलटं झालं की गाइड कडेपासून सुटतो आणि सरळ खोबणीत मध्येच एक पोट येतं. कडा मारतानाही हेच: फळीची कड तुमच्यासमोर असेल तर डावीकडून उजवीकडे. चारी बाजूंना कड मारायची असेल तर आडव्या रेशांच्या, म्हणजे टोकाच्या बाजू आधी मारा. त्यांच्या शेवटी कोपऱ्याचा जो टवका उडतो, तो उभ्या बाजूची फेरी खाऊन टाकते.

कड काळी पडली तर लोक बिटला दोष देतात. बहुतेक वेळा हात मंद चाललेला असतो किंवा मध्ये थांबलेला असतो. एका जागी घासला की लाकूड जळणारच. हात एकसारखा चालू ठेवूनही जळत असेल तर स्पीड एक घर खाली आणा, तरीही जळलं तर बिटवर राळ साचली आहे. बेअरिंग काढून बिट रॉकेलमध्ये थोडा वेळ ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. बेअरिंग रॉकेलमध्ये घातलंत तर आतलं ग्रीस निघून जातं आणि ते जाम होतं.

सनमायका छाटताना बेअरिंगचा वेगळा त्रास असतो. बाहेर आलेला गोंद त्यावर चढतो, बेअरिंग मोकळं फिरायचं थांबतं आणि बिटबरोबर गरगर फिरत सनमायकाच्या पृष्ठभागावर काळा पट्टा ओढतं. छाटण्याआधी कडेचा गोंद खरवडून घ्या, बेअरिंग जिथे टेकणार तिथे मास्किंग टेप लावा, आणि दर दोन कडांनंतर बेअरिंग बोटाने फिरवून बघा. अर्थात प्लग काढून.

भुशाबद्दल एवढंच सांगतो की लाकडाचा भुसा आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या) पहिल्या गटात आहे, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. राउटरचा भुसा करवतीपेक्षा बारीक असतो, एमडीएफचा तर पिठासारखा. रुमाल बांधून भागत नाही, एन९५ मास्क लावा, डोळ्यांवर गॉगल आणि कानांवर मफ. बेसला व्हॅक्यूमची नळी जोडायचं तोंड असेल तर ते बिट गुंडाळतं आणि खाच दिसायची थोडी कमी होते, तरी लावाच.

काम संपल्यावर बिट कोलेटमध्ये ठेवून देऊ नका. पावसाळ्यात, कोकणात तर हमखास, शँक आणि कोलेटमध्ये गंज धरतो आणि पुढच्या वेळी बिट हातोडीने ठोकून काढावा लागतो. तशा ठोकण्यात स्पिंडलचं बेअरिंग जातं. बिट काढा, नट सैल सोडा, कोलेटच्या चिरांमधला भुसा सुक्या ब्रशने झटका. बिट नसताना नट आवळायचा नाही, कोलेट वाजवीपेक्षा मिटतो आणि त्याचा आकार बिघडतो. आणि एवढं करूनही बिट सरकायला लागला, शँकवर चॉकलेटी डाग उठायला लागले, तर कोलेट घासत बसू नका. तो बदलायचाच भाग आहे, नवा घ्या.